सुगीच्या धुळीत शिंका लागल्या, तर अ‍ॅलर्जीची गोळी कशी घ्यावी

बेळगाव-खानापूरकडे भाताची मळणी सुरू झाली की मेडिकलमध्ये एकच मागणी असते, "सर्दीची गोळी द्या." आमच्या काकांनीही मिळेल ती गोळी सकाळी घेतली आणि मळणीला गेले. दुपारी मशीनमध्ये पेंढी सारता सारता त्यांचे डोळे मिटायला लागले. शेजारच्यानं मागे ओढलं म्हणून हात वाचला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, गोळीचं नाव वाचल्याशिवाय ती तोंडात टाकू नका.

आधी त्रास अ‍ॅलर्जीचाच आहे का ते बघा. नाकातून पाण्यासारखं गळणं, लागोपाठ शिंका, नाका-डोळ्यांना खाज आणि ताप नाही, ही तिची खूण. ताप, अंगदुखी असेल तर दुखणं वेगळं. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्यांना तर तंबाखूच्या नुसत्या खाटानंही (नाकाला झोंबणाऱ्या उग्र धुळीनंही) शिंका येतात. तिथे गोळीआधी नाकातोंडाला मास्क हवा.

धूळ किंवा परागकण नाकात गेले की शरीरातल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. ते नसांवर आणि रक्तवाहिन्यांवरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की खाज सुटते, नाक वाहतं. गोळी ती जागा अडवून ठेवते. म्हणून खळ्यावर जाण्याच्या तासभर आधी घेतलेली गोळी जास्त उपयोगी पडते. गच्च चोंदलेलं नाक मात्र तिनं फारसं मोकळं होत नाही. त्यासाठी डॉक्टर नाकातला स्प्रे देतात.

आता पाकिटावरचं नाव वाचा. क्लोरफेनिरामीन, फेनिरामीन ही जुनी औषधं मेंदूपर्यंत पोचतात आणि झोप आणतात. काकांची गोळी यातलीच. सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिननं झोप कमी येते, पण काहींना येतेच, म्हणून ती रात्री घेतलेली बरी. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिननं सर्वात कमी. कुठलीही गोळी पहिल्यांदा घेतलीत, तर त्या दिवशी गाडी आणि मशीन दोन्ही टाळा.

मोठ्या माणसाला सेटिरिझिन १० मिलिग्रॅम किंवा लिव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच. फरक पडला नाही म्हणून दुसरी घेऊ नका. सर्दीच्या मिश्र गोळीत बहुधा यातलंच एखादं औषध असतं, हेही बघा. सोबत दारू नकोच. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्या, संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर नाही. मूत्रपिंडाचा त्रास, प्रोस्टेट, काचबिंदू किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. डॉक्टर कन्नडमध्ये बोलले आणि नीट उमगलं नाही, तर लाजू नका. किती वेळा, किती दिवस, हे चिठ्ठीवर लिहून घ्या.

लेकराला मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं बंद करा. औषध वजन आणि वयाप्रमाणे, आणि सिरप बाटलीच्या मापानंच, घरातल्या चमच्यानं नाही. क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या बाळाला देऊ नये.

मधमाशी चावल्यावर किंवा काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर गोळीचा गुण येईपर्यंत थांबू नका. तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं. लगेच १०८ ला फोन लावा.