पंचायतन मांडताना

पंचायतनात शिव, विष्णू, देवी, सूर्य आणि गणपती असे पाच देव. मधे कोण, तर ज्याचं त्याचं इष्टदैवत. आमच्याकडे शाळिग्राम, म्हणजे विष्णूचा पाषाण मधे, माझ्या मामांकडे बाण, म्हणजे शिवाचा. पाचही तेच, जागा तेवढ्या बदलतात. लहानपणी कोपऱ्यातल्या देवांची मला दया यायची. मामांकडे मधला देव वेगळा दिसला, तेव्हा ती गेली.

पूर्वेकडे तोंड करून बसा. विष्णुपंचायतनात शाळिग्राम मधे, ईशान्येला बाण (म्हणजे तुमच्या डावीकडे, पलीकडच्या कोपऱ्यात), आग्नेयेला गणपती, नैर्ऋत्येला सूर्य, वायव्येला देवी. शाळिग्राम गंडकीतला, बाण नर्मदेतला, गणपतीचा तांबडा पाषाण शोण नदीतला, सूर्याचा स्फटिक, देवीचा सुवर्णमुखी नावाचा पाषाण. एकालाही नाकडोळे नाहीत.

आता स्नान. मी पूजा शिकत होते तेव्हा पाच देवांसाठी पाच वाट्या घेऊन बसले होते. आजीने काही न बोलता पाचही देव एका ताम्हनात ठेवले आणि वरून पाण्याची बारीक धार धरली. बाणावरून ओघळलेलं पाणी शाळिग्रामाखालून वाहत देवीपाशी गेलं. त्यातलं शिवाचं कुठलं नि विष्णूचं कुठलं? धार धरताना मी ऋग्वेदातलं ‘एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति’ म्हणते. सत्य एकच, जाणते त्याला अनेक नावांनी बोलतात.

देव पुसताना घाई करू नका. नरहरी सोनारांची कथा आठवा. शिवाशिवाय कुणाचं दर्शन घ्यायचं नाही म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून ते विठ्ठलाच्या कमरेचं माप घ्यायला गेले. हाताला शंकर लागला, पट्टी काढली तर समोर विठ्ठल! एक दिवस तुम्हीही बाण आणि शाळिग्राम डोळे मिटून पुसा. दोन्ही गुळगुळीत, गार.

मग गंध-फूल. विष्णूला तुळस, शिवाला बेल, गणपतीला दूर्वा, सूर्याला आणि देवीला तांबडं फूल. गणपतीला तुळस नाही, देवीला दूर्वा नाहीत, शाळिग्रामाला अक्षता नाहीत. हे पाळा, पण चुकलं तर धास्तावू नका. फूल उचलून योग्य जागी ठेवा.

नैवेद्य एकच, पाचांना मिळून. आरतीनंतर ताम्हनातलं तीर्थ पळीने घरातल्या सगळ्यांना द्या. उरलेलं तुळशीला घाला, पायदळी येऊ देऊ नका.