एसटीच्या लेनमध्ये दुसऱ्या गाड्या घ्यायच्या तर कशा घ्यायच्या

आमच्या तालुक्याला बाजाराच्या दिवशी स्टँडसमोर एसटी अर्धा अर्धा घंटा अडकून राहते, म्हणून पोट्टे म्हणतात पुण्यासारखी बसची वेगळी लेन करा. पण भाऊ, आपल्याकडं घंट्याला दहा एसट्या, बाकी वेळ लेन रिकामी दिसली की लोक घुसतेच. दिल्लीत 2008 ला अशीच लेन केली, बाजूला अडकलेले गाडीवाले बोंबलत राहिले अन् 2016 ला ती उखडली. म्हणून वाटून घ्या, पण पद्धतशीर.

आधी मोजा, गाड्या नाही, माणसं. टपरीवर वही घेऊन 9 ते 10 बसा. दहा एसट्यांत 40-40 धरले तरी 400 माणसं, तेवढेच कारनं न्यायचे तर दोघं दोघं धरून 200 कार लागतात. हा हिशोब नगरपरिषदेत दाखवला की कारवाले थोडे गप बसतात.

मग कोणाला घ्यायचं? अँब्युलन्स, अग्निशमन, त्यांची वाट अडवली तर तसाही 10,000 दंड आहे. शाळेच्या बस. भरलेली काळीपिवळी. मोटरसायकल चालते, लंडनमध्ये बऱ्याच बस लेनमध्ये 2012 पासून कायमची मुभा आहे. सायकलचं जरा पाहून, बसच अडीच मीटर रुंद, लेन साडेतीनची असली तर ती सायकलच्या मागं मागं रांगत राहते. कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगवर जाणाऱ्या बंड्या-ट्रॅक्टर दुपारी 12 ते 4 सोडा, सकाळी नाही.

खरी गडबड थांबण्यात आहे. ऑटोवाला मावशीचं तुरीचं पोतं उतरवून राहिला, मग सुट्टे शोधून राहिला, अन् मागं एसटीतली पन्नास माणसं त्याची घामेजली पाठ पाहत बसली, हे मी रोज पाहतो. म्हणून चालत्याले मुभा, थांबत्याले नाही, ऑटोले पन्नास पावलं पुढं बाजूला जागा द्या. अन् चौकाच्या 30 मीटर आधीच लेन संपवा, नाहीतर डावीकडं वळणारे एसटीसमोरच आडवे होतात. नुसता पट्टा मारून भागत नाही, वाहतूक पोलिसांचा लेखी आदेश नसला तर पावती कोणत्या आधारावर फाडणार?

चार बाजार करून पाहा, स्टँड ते चौक एसटीले किती मिनिटं लागते ते घड्याळ लावून लिहा. वेळ वाढला तर शेवटी घेतलेली गाडी पहिले बाहेर काढा. आमच्याकडं ती काळीपिवळीच राहीन असं मले वाटते, अन् ते माझा मावसभाऊच चालवते.