सून गरोदर, घरात बोका: शिंकांचं काय करायचं

घरात मांजर आणि गरोदर बाईला शिंका, एवढं कळलं की लोकांचे दोन सल्ले तयार असतात: मांजर हाकला आणि औषध बंद करा. माझी सगळी नोकरी प्रसूती वॉर्डात गेली. आता सुनेला सहावा महिना चालू आहे आणि सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागातल्या आमच्या घरात गबऱ्या नावाचा धष्टपुष्ट बोका आहे. विहीणबाई फोनवर आधी त्याचीच चौकशी करतात, "अजून आहे का तो?"

आहे. कारण आज हाकलला म्हणून उद्या शिंका थांबत नाहीत. ॲलर्जी केसांची नसते. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलकटपणात एक प्रथिन असतं, ते अंग चाटताना केसांवर पसरतं आणि वाळलं की बारीक कोंड्याबरोबर हवेत उडतं. गादी, पडदे, सोफ्यात ते असं मुरतं की मांजर गेल्यावरही काही महिने घरात राहतं. कुत्र्याचंही थोड्याफार फरकाने तेच, त्यामुळे "बिनकेसाळ जातीचं आणा" या सल्ल्याला अर्थ नाही. मात्र दमा जोरात असेल आणि डॉक्टरांनी प्राणी दूर ठेवायला सांगितलं, तर तिथे माया मध्ये आणू नये. नातेवाइकांकडे सोय करावी.

आधी हे प्राण्यामुळेच होतंय का ते बघा. गरोदरपणात हार्मोन्समुळे नुसतं नाक चोंदतं, तेही आठवडेच्या आठवडे. बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप मोकळं होतं. त्यात खाज नसते. नाक-डोळे खाजणं, डोळ्यांतून पाणी, लागोपाठ शिंका, मांजर मांडीवर आलं की जास्त, असं असेल तर ॲलर्जी समजा. खात्रीसाठी रक्ताची तपासणी होते. कातडीवर टोचून करायची तपासणी गरोदरपणात सहसा पुढे ढकलतात. ॲलर्जीची इंजेक्शनंही या काळात नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून सोसत असतील तर चालू ठेवायची का, ते डॉक्टर ठरवतील.

घरातलं पहिलं काम झोपायच्या खोलीचं. प्राण्याला तिथे कायमची बंदी, "रात्री नाही पण दुपारी चालतो" असलं काही नाही. आमच्याकडे खरी अडचण निघाली चादरीची. सोलापुरी चादर जाड, दुहेरी विणीची, आणि गबऱ्याला तीच प्रिय. फुलांच्या नक्षीत त्याचे पांढरे केस असे अडकतात की हाताने ओढूनही निघत नाहीत. "उन्हात टाक, सगळं मरतं," हे सासूबाईंपासून ऐकत आले. उन्हाने ढेकूण जातील, ओल जाईल, पण हे प्रथिन उन्हाला भीत नाही. ते धुऊनच काढावं लागतं, आणि गरम पाण्यात धुतलं तर उत्तम.

आता आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. रोज चादरी धुवा असं सांगणाऱ्याने आधी आमची टाकी बघावी. म्हणून मी क्रम लावला. पाणी आलं की आधी सुनेच्या उशीचे अभ्रे आणि बेडशीट, मग तिचा टॉवेल आणि गाऊन, उरलं तर बाकीचं. जाड चादरी धुऊन कपाटात ठेवल्या आणि तिला पातळ सुती पांघरूण दिलं, ते अर्ध्या बादलीत निघतं. बोक्याला आंघोळ घालण्यात पाणी घालवू नका. दोन-चार दिवसांत तो होता तसा होतो, शिवाय ओरबाडतो ते वेगळंच. मुलगा त्याला ओल्या फडक्याने गच्चीवर पुसतो. कुत्रा असेल तर आठवड्यातून दोनदा आंघोळीचा उपयोग होतो, पण ती घरातल्या दुसऱ्याने घालावी.

झाडूने कोंडा खाली बसत नाही, उडतो. ओल्या फडक्यानेच पुसा. दुसरं कोणी नसेल तर तिने मास्क लावून पुसावं. उन्हाळ्यात कूलरची जाळी बघा. आमचा बोका गारव्याला त्याच्या मागेच चिकटून बसतो, आणि त्याचे केस गवतातून थेट तिच्या तोंडावर!

औषधाबद्दल स्पष्ट बोलते. मिठाच्या पाण्याने नाक धुणं सगळ्यात निर्धोक: पाव लिटर पाण्याला पाव ते अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. पाणी मात्र उकळून गार केलेलं हवं, टाकीत साठवलेलं तसंच नाकात घालू नये. एवढ्याने भागलं नाही तर सेटिरिझिन, लोराटाडिनसारख्या गोळ्या किंवा बुडेसोनाइडचा नाकातला फवारा डॉक्टर देतात; या औषधांचा गरोदरपणात बराच अनुभव आहे. मेडिकलवाल्याकडून "सर्दीची गोळी" मागून आणू नका. त्यात नाक मोकळं करणारी फेनिलेफ्रिनसारखी औषधं मिसळलेली असतात, ती विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत टाळतात. नाक झटकन उघडणारे थेंबही नकोत, सवय लागून नाक आणखी चोंदतं.

आणि दम्याचा पंप. "बाळाला लागेल" म्हणून तो लपवून ठेवणाऱ्या बायका मी वॉर्डात पाहिल्यात. औषधापेक्षा बाळाला आईचा अडकलेला श्वास जास्त भारी पडतो. दमा आटोक्यात नसेल तर बाळाचं वजन कमी भरण्याचा, दिवस भरण्याआधी कळा येण्याचा धोका वाढतो. गरोदरपणात ढोबळमानाने एक तृतीयांश बायकांचा दमा वाढतो, म्हणून पंप चालूच ठेवायचा आणि दर तपासणीला तो डॉक्टरांना दाखवायचा. पंपाने उतार पडेना, एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर वाट बघू नका, १०८ लावा.

विहीणबाईंची भीती मात्र वेगळी, टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या एका जंतूची. त्याचा आणि शिंकांचा संबंध नाही. तो जंतू मांजराच्या केसांतून नाही, विष्ठेतून येतो, आणि विष्ठेतून पडल्यावर संसर्गजन्य व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ती घाण रोज काढायची आणि गरोदर बाईने नाही. आमचा बोका कढीपत्त्याच्या वाफ्यात उकरतो, तेव्हा सुनेला मातीत हात घालणं बंद. घालायचाच तर हातमोजे. बोक्याला कच्चं मटण नाही, आपलंही नीट शिजवलेलं, पालेभाजी माती जाईपर्यंत धुतलेली.

प्राणी चावला किंवा नखाने रक्त काढलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. रेबीजची लस गरोदर बाईला देता येते. हळद-चुना लावत घरी बसू नका.