रेसिडेंटच रेसिडेंटला शिकवतात तेव्हा या चुका टाळा

रेसिडेंट म्हणजे स्पेशलायझेशन करणारा डॉक्टर, आणि त्याच्या ट्रेनिंगमधलं बरंचसं शिक्षण लेक्चर हॉलमध्ये होतच नाही, ते होतं रात्री ड्युटीवर, एक वर्ष पुढे असलेल्या सीनियरच्या शेजारी उभं राहून. हा सीनियर प्रोफेसरपेक्षा हुशार असतो असं नाही, पण दोन गोष्टी त्याच्याकडे असतात ज्या प्रोफेसरकडे नसतात. एक म्हणजे आत्ताआत्तापर्यंत त्यालाही हे जमत नव्हतं, त्यामुळे गाडी नेमकी कुठे अडते हे त्याला आठवतं. दुसरं, त्याला "मला हे काहीच कळलं नाही" असं बिनधास्त सांगता येतं. गंमत अशी की हेच शिकवणं टाइमटेबलमध्ये टाकून, प्रोजेक्टर लावून केलं की हे दोन्ही फायदे आपण आपल्याच हाताने घालवतो. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका त्यातूनच येतात.

अख्खा चॅप्टर शिकवायला घेणे

हा सगळ्यात कॉमन घोळ. विषय मिळतो ॲसिड-बेस (रक्तातल्या आम्ल-अल्कलीचा तोल), आणि पठ्ठ्या रात्र जागून ऐंशी स्लाइडचं पीपीटी बनवतो, पुस्तकातले तक्ते जसेच्या तसे चिकटवलेले, अक्षर इतकं बारीक की पुढच्या रांगेलाही दिसू नये. खरं सांगायचं तर हे समोरच्यांसाठी नसतंच, कोपऱ्यात बसलेल्या सरांनी काही विचारलं तर फजिती नको म्हणून असतं.

त्यापेक्षा एकच एबीजी, म्हणजे रक्तातल्या आम्लतेचा आणि वायूंचा रिपोर्ट घ्या. बोर्डावर लिहा: पीएच ७.१२, बायकार्ब (आम्ल सावरणारा क्षार) १२, कार्बन डायऑक्साइड ३८. आणि गप्प बसा. कुणीतरी म्हणणारच, मेटाबॉलिक ॲसिडोसिस (शरीरात आम्ल वाढलंय) आहे, कार्बन डायऑक्साइड नॉर्मल आहे, झालं. मग बायकार्ब इतकं खाली असताना कार्बन डायऑक्साइड किती असायला हवा हे सांगणारा विंटर्सचा फॉर्म्युला त्यांच्याकडूनच करून घ्या, बायकार्बची दीडपट अधिक ८, म्हणजे २६, दोन इकडे किंवा दोन तिकडे. असायला हवा २६ च्या आसपास आणि आहे ३८, म्हणजे जो आकडा नॉर्मल म्हणून सोडून दिला तोच या पेशंटमध्ये धोक्याचा आहे, तो बाहेर टाकायला श्वास जेवढा जोरात चालायला हवा तेवढा चालत नाहीये. पेशंट दमत असेल, कुणी सिडेशन (गुंगीचं औषध) दिलं असेल, छातीतच काही असेल, आता ते शोधा. आणि याला श्वासनलिकेत ट्यूब टाकायची वेळ आली तर व्हेंटिलेटरचा रेट सवयीने मिनिटाला १२ वर ठेवून चालेल का, हा पुढचा प्रश्न. वीस मिनिटं यातच जातात आणि जाऊ द्यावीत. अनायन गॅप (ॲसिडोसिसचं कारण शोधायचा हिशोब) राहिला तर राहिला, तो पुढच्या वेळी.

"कळलं ना?" विचारून पुढे जाणे

याला सगळे मान डोलावतात, ज्याला कळलं तोही आणि ज्याला ओ की ठो कळलं नाही तोही. त्याऐवजी काम द्या. "समज हा पेशंट तुझ्या बेडवर आहे, पुढच्या दहा मिनिटांत तू काय काय करशील ते क्रमाने सांग." जिथे अडखळतो तिथे शिकवायचं. दुसऱ्या दिवशी राऊंडच्या आधी तोच प्रश्न जरा फिरवून परत विचारायचा. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात हेच दिसलं होतं, उतारा परत परत वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या टेस्टमध्ये पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या टेस्टमध्ये न बघता आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. सेशन संपल्यावर "मस्त समजलं यार" असं वाटणं फारसं खरं धरू नका.

प्रोसिजर करता करताच शिकवणे

एक बघा, एक करा, एक शिकवा ही पद्धत सर्जन हॉलस्टेडच्या नावावर खपवली जाते आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी ती अभिमानाने सांगतात. मला ती अजिबात पटत नाही. एकदा बघून हात चालायला लागतात पण डोक्यात क्रम पक्का झालेला नसतो, आणि असा माणूस तिसऱ्याला शिकवायला उभा राहिला की आपल्या सवयीसकट सगळं पुढे ढकलतो.

पेटनची चार पायऱ्यांची पद्धत १९९८ पासून माहितीतली आहे. आधी एक शब्दही न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवायचं. मग प्रत्येक स्टेप बोलत, कारण सांगत. मग शिकणारा बोलणार आणि तुम्ही फक्त तो सांगेल तसं करणार. आणि शेवटी तो बोलत बोलत स्वतः करणार. लोक तिसरी पायरी हमखास गाळतात आणि खरी मजा तिथेच आहे. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत नळी टाकणं चालू आहे, ज्युनिअर सांगतोय, सुई गेली, वायर टाकली, सुई काढली, डायलेटर (वाट रुंद करणारी नळी) फिरवून काढला, आता कॅथेटर (शिरेत ठेवायची नळी) सरकवा. इथे हात थांबवा. वायरचं मागचं टोक कुठे आहे? ते कॅथेटरमधून मागे बाहेर येऊन तुमच्या हातात आल्याशिवाय कॅथेटर पुढे जात नाही, नाहीतर वायर पेशंटच्या आत राहू शकते. ही चूक त्याच्या तोंडून निघाली म्हणून सापडली, तो नुसता बघत उभा असता तर तुम्हाला पत्ताही लागला नसता.

आणि हो, पेशंट जागा असेल तर त्याच्या डोक्यावर उभं राहून "इथे हमखास चुकतं बघ" वगैरे बोलू नका. पहिल्या तीन पायऱ्या मॅनिकिनवर उरकून घ्या.

ऐकीव गोष्टी ठासून सांगणे

पीअर टीचिंगवर, म्हणजे बरोबरीच्यांनीच एकमेकांना शिकवण्यावर, सगळ्यात मोठा आक्षेप हाच असतो आणि तो चुकीचा नाही. सीनियरने कॉन्फिडन्सने सांगितलेली चुकीची गोष्ट बॅचमागून बॅच चालत राहते. हायपरकलेमियाचंच (रक्तात पोटॅशियम वाढणं) घ्या. कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं की पोटॅशियम खाली येतं असं कित्येकांच्या डोक्यात बसलेलं असतं. पोटॅशियमचा आकडा त्याने हलत नाही, ते फक्त हृदयाला सांभाळतं, तेही अर्धा ते एक तास. आकडा खाली आणायला इन्सुलिन-डेक्स्ट्रोज, सालब्युटामॉल, आणि शरीराबाहेर काढायला लघवीवाटे किंवा डायलिसिस. ज्याला हे माहीत नाही तो कॅल्शियम देऊन, ईसीजी बरा दिसला म्हणून निवांत बसतो.

म्हणून डोस, कटऑफ आणि औषधांच्या गोष्टी सांगण्याआधी चालू गाइडलाइन उघडून बघा, आठवणीवर जाऊ नका. "आपल्याकडे असंच करतात" आणि "गाइडलाइनमध्ये असं आहे" ही दोन वाक्यं वेगवेगळी बोला. एखाद्या कन्सल्टंटना शेवटची दहा मिनिटं बोलवा, सुरुवातीपासून नको, ते पहिल्यापासून बसले की ज्युनिअर तोंडच उघडत नाहीत.

शिकवण्याच्या नावाखाली झाडाझडती

सगळ्यांसमोर एकाला उभं करून तो रडकुंडीला येईपर्यंत प्रश्न विचारणे, मग "एवढंही येत नाही?" आपल्यालाही असंच शिकवलं असं म्हणून हे चालू राहतं. याने तो रात्री वाचून येईल हे खरं, पण पुढच्या वेळी डोस आठवत नसेल तेव्हा तो तुम्हाला फोन करणार नाही हेही तितकंच खरं, आणि ते पेशंटच्या अंगावर येतं.

प्रश्न विचारू नका असं नाही. १९९२ पासून वन मिनिट प्रीसेप्टर नावाची पद्धत आहे, ड्युटीच्या धबडग्यातही जमते. आधी त्याला स्वतःचं मत मांडायला लावा, तुला काय वाटतं, काय असेल? मग कशावरून म्हणतोस ते विचारा. मग एकच नियम शिकवा. काय बरोबर केलं ते नेमकं सांगा आणि काय चुकलं तेही. "छान होतं" हा फीडबॅक नाही. "तू लॅक्टेट (रक्तातलं लॅक्टिक ॲसिड) रिपीट केलंस ते बरोबर, पण फ्लुइड दिल्यावर पेशंटकडे परत जाऊन बघितलं नाहीस" हा फीडबॅक आहे.

गाडी अडली तर

कुणी येतच नसेल तर आधी वेळ बघा. नाइट करून आलेल्या माणसाला दुपारी बसवलं तर तो डोळे उघडे ठेवून झोपतो. हँडओव्हरला (ड्युटी बदलताना पेशंट सोपवतात त्या वेळेला) जोडून पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि वॉर्डचे फोन त्या वेळापुरते एकाकडे द्या, हा माणूस दर वेळी बदला, नाहीतर सगळ्यात ज्युनिअर वर्षभर फोनच उचलत बसेल.

कुणी बोलतच नसेल तर प्रश्न सगळ्यांकडे न टाकता दोघादोघांना आपसात दोन मिनिटं बोलू द्या, मग विचारा. आणि सगळ्यात ज्युनिअरपासून सुरू करा, सीनियरने आधी उत्तर दिलं की विषय तिथेच संपतो.

तीच दोन बोलकी मंडळी दर वेळी शिकवत असतील तर रोस्टर लावा. जो कधीच उभा राहत नाही त्याला मोठा टॉपिक देऊ नका, कालच्या ॲडमिशनचा एक एक्स-रे द्या आणि पाच मिनिटं. केस शेअर करताना नाव, नंबर, चेहरा काढा, ग्रुपवर टाकलेला फोटो पुढे कुठवर जाईल यावर आपला काहीही कंट्रोल नसतो.

आणि समोरून असा प्रश्न आला ज्याचं उत्तर येत नाही, तर गोलगोल बोलू नका. "नाही माहीत, कोण शोधतंय?" असं विचारा, नाव बोर्डावर लिहा, आणि पुढचं सेशन त्याच्या उत्तराने सुरू करा.