सशाच्या मूत्रपिंडावर अल्ट्रासाऊंड सोडण्याआधी

हा सोनोग्राफीचा अल्ट्रासाऊंड नव्हे. इथे ध्वनी पाण्याच्या टाकीतून सशाच्या शरीरात सोडून एका बिंदूवर (फोकसवर) एकवटायचा आणि मूत्रपिंडातला तेवढाच ठिपका भाजायचा, त्यालाच मी मारा म्हणतो. आधी वार बघा. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज-पाणी बहुधा गुरुवारी बंद असतं, म्हणून गुरुवार नको. मधेच हीटर बंद पडला तर टाकीतलं पाणी गार होतं आणि त्याला टेकलेला बेशुद्ध ससाही गार पडतो.

कागदांत फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, पुन्हा वाचा. संस्थेच्या प्राणी नीती समितीने जेवढे ससे आणि जी भूल मंजूर केली, तेवढंच आणि तीच. भुलीचं केटामाइन शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीतलं आहे, तेव्हा कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

ससा पिंजऱ्यातच राहू दे, आधी बकऱ्याचं काळीज, म्हणजे यकृत. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून सकाळी ताजं आणा, सलाइनमध्ये बुडवून व्हॅक्यूमखाली ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग मारा करा आणि कापून बघा. एक मेगाहर्ट्झला ऊतीतली तरंगलांबी जेमतेम दीड मिलिमीटर, म्हणून भाजलेला ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा होऊ शकतो. तो ठरवलेल्या जागी, पुन्हा पुन्हा, तिथेच उमटला पाहिजे. मेलेल्या ऊतीकडून जे शिकता येतं त्यासाठी जिवंत प्राणी खर्च करायचा नाही. यावर माझ्याशी वाद घालू नका.

काळीज एक गोष्ट मात्र शिकवत नाही. त्यात रक्त वाहत नाही. मूत्रपिंडाकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा जातो, आणि ते रक्त उष्णता वाहून नेतं. ५६ अंशांवर एक सेकंद, एवढ्यात पेशी मरतात, पण तिथवर पोचायला इथे जास्त ताकद लागेल. तरी सुरुवात कमी ताकदीनेच करा आणि पायरीपायरीने चढा.

आता हवा. माझा सगळ्यात जास्त वेळ हिच्यामागे जातो. ऊतीतून हवेच्या सीमेवर आलेला ध्वनी जवळजवळ सगळा परत फिरतो, आणि मग चटका बसतो तो कातडीला. म्हणून पाणी उकळून, झाकून निववा. टाकीत वरून ओतू नका, नळी तळाशी धरून हळू सोडा आणि ३७ अंशांवर ठेवा. जेल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. केस मशीनने काढून वर केस काढायचं क्रीम लावा, कारण एकेका केसाशी बुडबुडा अडकतो. हात हलका ठेवा, सशाची कातडी कागदासारखी फाटते. पोटातल्या वायूसाठी त्याला रात्रभर उपाशी मात्र ठेवायचं नाही. ससा उलटी करू शकत नाही, आणि उपासाने त्याचं आतडं मंदावतं. त्यापेक्षा त्याला कुशीवर वळवून सोनोग्राफीत बघा. फोकसच्या पुढे किंवा मागे आतडं दिसलं तर कोन बदला. कोन मिळालाच नाही, तर त्या दिवशी मारा नाही.

भुलीच्या टेबलावर डोळ्यांचं मलम, खाली गरम गादी, गुदद्वारात तापमापक. नाडी मंदावली तर ती वाढवणाऱ्या ॲट्रोपिनवर भिस्त नको, बऱ्याच सशांच्या रक्तात ते मोडून टाकणारं एन्झाइम असतं. त्याऐवजी त्याच कामाचं ग्लायकोपायरोलेट काढून ठेवा. मारा श्वास सोडल्यानंतरच्या उसंतीतच, कारण श्वासागणिक मूत्रपिंड सरकतं.

ज्यांचं मूत्रपिंड त्याच दिवशी काढायचं आहे, त्यांच्यासाठी टीटीसी या ऊती रंगवणाऱ्या रसायनाचं द्रावण ताजं हवं. जिवंत भाग लाल होतो, मेलेला फिकट राहतो. सूक्ष्मदर्शकाखालच्या नुसत्या नेहमीच्या रंगवलेल्या काचेवर विसंबू नका. उष्णतेने जागच्या जागी गोठलेल्या पेशी तिथे धडधाकट दिसतात.

जे ससे जगवायचे आहेत त्यांना वेदनाशामक शुद्धीवर येण्याआधीच द्या. पिंजऱ्यात गवत आणि पाणी तोंडापाशी ठेवा, आणि रात्रपाळीला कोण थांबणार ते नावानिशी फळ्यावर लिहा. त्या माणसाने दोन गोष्टी नोंदवायच्या: ससा गवत खातोय का, आणि लेंड्या पडल्या का. सकाळपर्यंत एकही लेंडी नसेल तर मला लगेच फोन करा, कितीही वाजले असोत.