उबुंटूवर क्लाउड शेअर माउंट झाला, पण वेबसाइटला लिहिता येईना

उबुंटूच्या व्हर्च्युअल मशीनवर क्लाउडमधला एसएमबी शेअर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा सामायिक फोल्डर, जोडायचा (माउंट करायचा) होता. वेबसाइटवर अपलोड होणारे फोटो तिथे साठवायचे होते. माउंटची कमांड दिली की बराच वेळ थांबून एरर ११५ यायची. ही एरर आली की पासवर्ड तपासत बसू नका, आधी पोर्ट ४४५ (एसएमबीची ये-जा जिथून होते तो नेटवर्कचा दरवाजा) उघडा आहे का बघा. नेटकॅट या पोर्ट तपासायच्या कमांडने पाहिलं तर तो बंदच होता. फायरवॉलमध्ये या पोर्टवरून बाहेर जाऊ देणारा नियम घातला आणि शेअर लगेच जोडला गेला.

खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू झाली. सगळ्या फाइलींचा मालक रूट (मशीनचा मुख्य अ‍ॅडमिन युजर) दिसायचा आणि वेबसर्व्हरला 'परमिशन डिनाइड', म्हणजे परवानगी नाही, अशी एरर यायची. फाइलीचा मालक बदलणारी चोन (chown) कमांड चालवली, तरी मालक बदलेना. कारण अशा शेअरवर मालक आणि परवानग्या सहसा माउंट करतानाच ठरतात. उबुंटूत वेबसर्व्हरच्या युजरचा क्रमांक ३३ असतो. म्हणून एफएसटॅबमधल्या (बूट होताना काय काय माउंट करायचं त्याची यादी असलेली फाइल) शेअरच्या ओळीत यूआयडी आणि जीआयडी (युजर आणि गटाचा क्रमांक) ३३, फाइल मोड ०६६४ आणि डिरेक्टरी मोड ०७७५ असं लिहिलं, म्हणजे मालक आणि गटाला लिहिता येतं, बाकीच्यांना फक्त वाचता येतं. सरसकट ०७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, द्यायचा सल्ला बरेच जण देतात, मला तो अजिबात पटत नाही. लोकांचे फोटो आहेत ते!

शेअरची किल्ली (पासवर्डसारखी गुप्त की) वेगळ्या फाइलीत ठेवली, त्या फाइलीला ६०० परवानगी दिली, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-लिहिता येते. एफएसटॅब कुणालाही वाचता येते, तिथे किल्ली नकोच. एफएसटॅबच्या त्याच ओळीत 'नोफेल' (nofail) हा पर्याय टाकायला विसरू नका, नाहीतर शेअर मिळाला नाही तर मशीन बूट होतानाच अडकू शकतं. बदल केल्यावर आधी अनमाउंट करा, मग पुन्हा माउंट.