सोडियमचा पंप पाण्यावर कसा तपासावा

कल्पक्कमच्या 500 मेगावॉटच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर रिअ‍ॅक्टरमध्ये गाभ्याची उष्णता वितळलेलं सोडियम वाहून नेतं आणि दोन प्राथमिक पंप ते फिरवत ठेवतात. अशा पंपाचा हायड्रॉलिक भाग, म्हणजे इम्पेलर (फिरणारं पात्यांचं चाक) आणि डिफ्यूजर (त्याभोवतीची स्थिर पाती), आधी पाण्यावर तपासतात. सोडियमची पाळी नंतर येते. नवी मुंबईच्या टीटीसी एमआयडीसीत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ज्यांच्याकडे चांगला टेस्ट बेड (पंप चालवून तपासायची जागा) आहे, त्यांना यातलं बरंचसं काम ओळखीचं वाटेल. जे ओळखीचं नाही, त्यावर इथे जास्त लिहिलं आहे.

पाणी चालतं, कारण सोडियम पाण्याहून पातळ वाहतं. 400 अंश सेल्सिअसला त्याची घनता घनमीटरला सुमारे 856 किलो असते, आणि त्याची काइनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (घनतेने भागलेला दाटपणा) साधारण 90 अंशांच्या पाण्याइतकी, म्हणजे 30 अंशांच्या पाण्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे गार पाण्यावर मिळालेली एफिशियन्सी सोडियमवर सहसा घसरत नाही. हे सेंट्रिफ्यूगल पंपापुरतं. इलेक्ट्रोमॅग्नेटिक पंप द्रवातल्याच करंटवर चालतो, त्याला पाण्यावर तपासता येत नाही.

पुढचे आकडे एका उदाहरणाच्या मॉडेल पंपाचे आहेत: ताशी 250 घनमीटर, 40 मीटर हेड (पंप द्रव जेवढा उंच चढवू शकतो ती उंची), 1450 आरपीएम, सक्शन (आत येणारा पाइप) 200 मिमी, डिलिव्हरी (बाहेर जाणारा) 150 मिमी.

पाणी आणि फ्लोमीटर

बारवी धरणाचं पाणी एमआयडीसीच्या नळाला येतं, इतर पंपांना ते चालतं. या पंपाचे भाग ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टीलचे असतात आणि फटींत सुकलेलं क्लोराइड पुढे गरम झाल्यावर तडे पाडतं. म्हणून डीएम (डीमिनरलाइज्ड, क्षार काढलेलं) पाणी भरा आणि टाकी आधी त्याच पाण्याने धुऊन घ्या. इथे एक अडचण येते: इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटरला पाण्याची चालकता साधारण 5 मायक्रोसिमेन्स प्रति सेंमीच्या वर लागते. फार शुद्ध डीएम पाण्यात त्याचं रीडिंग नाचत राहतं आणि दोष पंपाला दिला जातो. अशा वेळी दाबाच्या फरकावरून फ्लो मोजणारी व्हेंच्युरी किंवा ऑरिफिस लावा. मीटर कोणताही असो, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवरची रेंज तुमच्या फ्लोला झाकते का, ते पाहा.

पाइपिंग

सक्शन फ्लँजच्या आधी पाइपच्या व्यासाच्या 12 पट सरळ लांबी ठेवा. 200 मिमीला 2.4 मीटर. जागा वाचवायला तिथे बेंड बसवला, तर पाणी पीळ घेऊन इम्पेलरमध्ये शिरतं आणि हेड चुकतं. प्रेशरची भोकं दोन्ही बाजूंना फ्लँजपासून दोन व्यास अंतरावर, आतली कड गुळगुळीत आणि बर (ड्रिलिंगनंतर उरलेली धातूची खरखरीत धार) नसलेली. चार भोकं रिंगने जोडली तर उत्तम.

हेड काढताना फक्त गेजमधला फरक घेऊ नका. 250 घनमीटरला सक्शनमध्ये वेग सुमारे 2.2 मीटर प्रति सेकंद आणि डिलिव्हरीत 3.9, त्यातूनच 0.54 मीटर हेड येतं. गेजच्या उंचीतला फरकही धरा. हे सोडलं की हेड सव्वा टक्क्याहून जास्त कमी दिसतं. पंप चाचणीच्या आयएसओ 9906 मानकाच्या 1बी ग्रेडमध्ये हेडची टॉलरन्स प्लस-मायनस 3 टक्के आहे, म्हणजे ती जवळपास निम्मी संपली.

रीडिंग

पंप चालू करण्याआधी केसिंगच्या सर्वांत वरच्या वेंटमधून पाणी सलग, बुडबुड्याशिवाय येऊ द्या. डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून सुरू करा, पूर्ण बंद ठेवून चालवू नका. टॉर्क मीटर मोटर आणि पंपाच्या मध्ये असावा. मोटरच्या करंटवरून पॉवर काढणं इथे पुरेसं नाही. टॉर्क मीटर गरम झाल्यावर त्याचा झीरो पुन्हा तपासा.

ड्यूटी पॉइंटच्या (पंप ज्या फ्लोसाठी बनवला, त्याच्या) 120 टक्क्यांपासून खाली येत आठ-दहा पॉइंट घ्या, मग तसेच वर जा. दोन्ही कर्व्ह (फ्लो आणि हेडचे आलेख) एकावर एक बसले नाहीत तर पाण्यात हवा असू शकते. प्रत्येक पॉइंटला टाकीचं तापमानही लिहा: 35 किलोवॉट शाफ्ट पॉवर शेवटी पाण्यातच जाते आणि 10 घनमीटरची टाकी तासाला 3 अंशांनी तापते. मे महिन्यात 32 अंशांनी सुरू केलेलं पाणी दुपारी 40 च्या पुढे जातं.

मोटर स्लिपमुळे आरपीएम नेमका कधीच येत नाही. समजा 1478 ला फ्लो 256, हेड 41.3 मीटर आणि पॉवर 36.5 किलोवॉट मिळाली. 1450 ला आणताना फ्लो वेगाच्या गुणोत्तराने, हेड त्याच्या वर्गाने, पॉवर घनाने: 251.1 घनमीटर, 39.75 मीटर, 34.5 किलोवॉट, एफिशियन्सी साडेअठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या आसपास.

मग सोडियमकडे वळा. हेड मीटरमध्ये तेच राहतं. पाण्यावर 40 मीटर म्हणजे 3.91 बार, 400 अंशांच्या सोडियमवर 3.36 बार. पॉवरही घनतेच्या प्रमाणात उतरते. ड्रॉइंगवर हेड मीटरमध्ये आणि गेज रेंज बारमध्ये असेल तर कोणत्या द्रवाचा बार ते आधीच विचारा.

कर्व्ह आख्खा डावीकडे सरकला तर वेअर रिंगचं (इम्पेलर आणि केसिंगमधून होणारी आतली गळती रोखणाऱ्या कड्याचं) क्लिअरन्स मोजा. पॉवर जास्त आणि हेड बरोबर असेल तर आधी अलाइनमेंट आणि घासणी पाहा.

कॅव्हिटेशन

दाब बाष्पदाबाखाली गेला की द्रवात बुडबुडे होतात आणि ते फुटून पाती झिजवतात, हे कॅव्हिटेशन. 400 अंशांना सोडियमचा बाष्पदाब 100 पास्कलपेक्षाही कमी असतो, त्यामुळे हा भाग सोपा वाटतो. पण रिअ‍ॅक्टरमधला इम्पेलर वर्षानुवर्षं बाहेर निघत नाही, म्हणून हेड 3 टक्के पडेपर्यंतचा नेहमीचा निकष एकटा पुरत नाही. झीज त्याच्या बरीच आधी सुरू होते. बंद लूपमध्ये फ्लो स्थिर ठेवून टाकीतला दाब व्हॅक्यूम पंपाने हळूहळू उतरवा. पाणी गारच ठेवा: गरम पाण्यात बुडबुडे वाढताना भोवतीचं पाणी थंड होतं आणि पंप आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. आधी लूप व्हॅक्यूमखाली फिरवून विरघळलेली हवा काढा. नंतर पात्यांना मऊ रंगाचा थर देऊन काही तास ठरलेल्या दाबावर चालवा. रंग जिथे ठिपक्या-ठिपक्यांनी उडाला, सहसा पात्याच्या पुढच्या कडेजवळ, तिथेच उद्याची झीज आहे. त्या जागेचे फोटो मोजपट्टी लावून काढा.

ट्रिप

वीज गेल्यावर फ्लायव्हीलच्या जोरावर पंप किती वेळ फिरतो, यावर गाभ्याची सुरक्षितता अवलंबून असते. पूर्ण असेंब्ली पाण्यात फिरवून सप्लाय तोडा आणि वेग, फ्लो दोन्ही सलग रेकॉर्ड करा. पाणी जड असल्याने ब्रेकही जास्त लागतो. लूपचा रोध तोच असेल तर सोडियममध्ये हा वेळ ढोबळमानाने 16 टक्क्यांनी जास्त येईल, बेअरिंग आणि सीलचं घर्षण वगळून. खालचं हायड्रोस्टॅटिक बेअरिंग पंपाच्याच दाबावर तरंगतं, म्हणून वेग अगदी कमी झाला की ते टेकतं. नेमकं कोणत्या आरपीएमला टेकतं, ते व्हायब्रेशनच्या ट्रेसवर दिसतं. ते नोंदवा.

सुकवणं

कर्व्ह पास झाला तरी पंप पाठवू नका. सोडियमला पाणी भेटलं की हायड्रोजन आणि कॉस्टिक सोडा तयार होतो, आणि उष्णता इतकी की हायड्रोजन पेट घेतो. पाणी लपतं ते बेअरिंगच्या पॉकेटमध्ये, बोल्टच्या आंधळ्या भोकांत, गॅस्केटच्या खोबणीत. शक्य तेवढं उघडा, कोरडी हवा मारा, मग पंप 110-120 अंशांपर्यंत तापवून व्हॅक्यूममध्ये ठेवा. व्हॅक्यूम पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून गेज पाहा: दाब चढत गेला तर गळती आहे किंवा आत पाणी आहे. गळती नाही याची खात्री झाली की चढत्या दाबाचा अर्थ एकच. जुलैत हवाच इतकी दमट असते की उघडा गार पंप तासाभरात पुन्हा ओला होतो. म्हणून तो गरम असतानाच फ्लँज बंद करा, कोरडा नायट्रोजन वातावरणापेक्षा किंचित जास्त दाबाने भरा आणि त्यावर गेज ठेवा. ट्रक सुटण्याआधी आणि पोहोचल्यावर त्याच गेजचं रीडिंग घ्या, दोन्ही वेळी तापमान लिहून.